बांबूच्या पेरातला भात : कँपिंगसाठी थोडी माहिती

मेमोरियल डे जवळ आला की आपल्या मंडळात कँपिंगचे बेत सुरू होतात आणि कोणीतरी विचारतेच, "यंदा बांबूत भात लावायचा का?" रायगडच्या पोपटीला लागते तसे मडके इथे कुठून आणणार? बांबू मात्र शेजारच्या अंगणातही मिळतो. म्हणून ही माहिती एकदा नीट लिहून ठेवत आहोत.

कल्पना काही नवी नाही. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातले बोंगुलो चिकन, थायलंडचे खाओ लाम, मलेशियाचे लेमांग हे सगळे बांबूच्या नळीतच शिजते. लेमांग म्हणजे केळीच्या पानाचे अस्तर लावून नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात. कोकणातल्या मंडळींना तो मुळीच परका वाटणार नाही!

बांबू हिरवा, ताजा कापलेला आणि निदान मनगटाएवढा जाड हवा. तो ओला असतो आणि आत पाणी असते, त्यामुळे बाहेरून काळा पडला तरी लगेच पेटत नाही. बागकामाच्या दुकानातल्या वाळक्या काठ्या नकोत, त्यांवर वॉर्निश किंवा औषध असू शकते. घरात ठेवतात तो 'लकी बांबू' हा बांबूच नव्हे, ड्रसीना आहे. बागेतला 'हेवनली बांबू', म्हणजे नंदिना, तर विषारी आहे. नॅशनल पार्कात झाडे तोडायला मनाई असते, तेव्हा बांबू घरूनच न्यावा. शेजाऱ्यांकडे मागताना फवारणी केली आहे का, हे जरूर विचारा. बहुतेक जण आनंदाने देतात, कारण पसरणाऱ्या बांबूने ते आधीच वैतागलेले असतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. बांबूचे प्रत्येक पेर दोन्ही बाजूंना गाठीने बंद असते. ते तसेच विस्तवात पडले तर आतली वाफ कोंडते आणि पेर मोठा आवाज करून फुटते. ढलप्या आणि निखारे चौफेर उडतात. चिनी भाषेत फटाक्याच्या जुन्या नावाचा अर्थच 'फुटणारा बांबू' असा आहे, यावरून काय ते समजा. म्हणून भांड्याला तळाशी एकच गाठ ठेवायची, वरचे तोंड उघडे. उरलेले तुकडेही उभे चिरल्याशिवाय आगीत टाकू नयेत. मुलांना शेकोटीत काही ना काही टाकायची हौस असते, त्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

बारीक दात्यांच्या करवतीने एका गाठीच्या दोन बोटे खाली कापा, आणि दुसरा काप वरच्या गाठीच्या अलीकडे घ्या. नळी धुऊन आत केळीचे पान घाला (इंडियन स्टोअरमध्ये फ्रोजन मिळते). अर्धा तास भिजवलेले वाटीभर तांदूळ, दीड वाटी पाणी, मीठ आणि मूठभर ओले खोबरे. भात फुगतो, म्हणून नळी दोन तृतीयांशच भरावी. तोंडाला पानाचा सैल बोळा लावावा, घट्ट बूच नको. नळी ज्वाळेत न ठेवता निखाऱ्यांवर तिरपी टेकवा आणि दर पाच मिनिटांनी फिरवत राहा. साधारण पाऊण ते एक तास लागतो. चिकन करायचे तर बिनहाडाचे, लहान तुकड्यांचे घ्या आणि आतले तापमान १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) झाल्याची थर्मामीटरने खात्री करा. नळीच्या बाहेरच्या रंगावरून आतले काही कळत नाही. शाकाहारी मंडळींच्या नळीला खूण करायला विसरू नका.

उतरवल्यावर दहा मिनिटे थांबून, नळी जमिनीवर टेकवून जाड सुरीने चिरावी. आतल्या भाताला जो वास येतो तो कुकरच्या भाताला कधी येत नाही.

छोट्या पेरांचे पेले होतात, कडा मात्र सँडपेपरने घासून घ्या, नाहीतर ओठाला कुसळ लागते. चहासाठी पाणी नळीत उकळता येते. दूध नंतर घालावे, उतू जाते.

कँपग्राउंडवर त्या दिवशी शेकोटीला बंदी आहे का, हे निघण्यापूर्वी पाहा. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात बरेचदा असते. वापरलेली नळी पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नये, वाळून ती तडकते.