नाव सोनूबाई: स्वस्त ग्राफिक्स कार्डाची कुळकथा

ऑगस्ट 1981मध्ये आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला आणि गिऱ्हाइकाचा पेचही त्याच्याबरोबरच आला. पडद्यासाठी दोन कार्डं होती. पहिलं ‘एमडीए’. त्याची अक्षरं सुबक, ओळीला 80 आणि पडद्यावर 25 ओळी, वर प्रिंटर जोडायची सोय. पण चित्राच्या नावाने शून्य. दुसरं ‘सीजीए’. त्यात 16 केबी मेमरी, 320 बाय 200 ठिपक्यांत एका वेळी चार रंग. पण अक्षरं इतकी ओबडधोबड की दिवसभर हिशेब करणाऱ्याचे डोळे दुखावेत. हिशेबनिसाने पहिलं घ्यावं, खेळणाऱ्याने दुसरं. आज मोजक्या पैशांत गेमिंगचा पीसी असेंबल करायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आलेला कॉलेजातला मुलगाही हाच हिशेब मांडत असतो: पैसे एवढेच आहेत, मग सोडायचं काय? स्वस्त कार्डाची कुळकथा ही या ‘काय सोडलं’ची कथा आहे. अडचण एवढीच की काय मिळतं ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि काय सोडलं ते आपलं आपण शोधायचं असतं.

आयबीएमने सोडलेली फट पहिल्यांदा बुजवली ती एका लिपीच्या गरजेने. व्हॅन सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. थाईमध्ये स्वरचिन्हं अक्षराच्या वर आणि खाली बसतात. एमडीएच्या ठरीव साच्यात ती मावेनात. 1982मध्ये त्याने स्वतःच कार्ड घडवलं, त्याचं नाव ‘हर्क्युलिस’. एमडीएच्याच मॉनिटरवर ते सुबक अक्षरंही दाखवी आणि 720 बाय 348 ठिपक्यांची एकरंगी चित्रंही. काना-मात्रा-वेलांटीच्या आपल्या लिपीपुढेही हीच अडचण होती. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेलं तंत्र घेऊन पुण्याच्या सी-डॅकने पीसीत खोचायचं ‘जिस्ट’ कार्ड केलं आणि साध्या पीसीवर देवनागरी उमटू लागली. हे कार्ड खेळाच्या कुळातलं नव्हे; पण मूळ यंत्राला जे जमत नाही ते त्यात एक कार्ड खोचून साधायचं, ही रीत दोन्हीकडे एकच.

खेळांसाठी मात्र कार्ड बराच काळ नुसतं हरकाम्या होतं. आयबीएमच्या 1987च्या व्हीजीए या ग्राफिक्स पद्धतीने 256 रंग दिले, तरी चित्राचा प्रत्येक ठिपका काढायचं काम मुख्य प्रोसेसरकडेच होतं. 1993चा ‘डूम’ हा खेळ असाच चाले: गणित सगळं प्रोसेसरचं, कार्डाने तयार चित्र पडद्यावर न्यायचं. त्रिमिती खेळ वाढले तसं हे गणित प्रोसेसरला झेपेना. आजचा साधा फुल एचडी पडदा घेतला तरी त्यावर 20,73,600 पिक्सेल असतात. सेकंदाला 60 चित्रं हवीत तर 12 कोटी 44 लाख पिक्सेल दर सेकंदाला रंगवावे लागतात. एकेका पिक्सेलचं गणित सोपं आणि बरंचसं स्वतंत्र असतं, पण त्यांची संख्या अफाट. अशा कामाला एक हुशार गणिती नको, साध्या गणित्यांची फौज हवी. ग्राफिक्स चिप म्हणजे ही फौज.

ती घरात आणली 3डीएफएक्स या कंपनीने, 1996मध्ये. तिची ‘व्हूडू’ चिप आधी नाणं टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांसाठी होती. त्या वर्षी मेमरीचे भाव कोसळले आणि 4 एमबी मेमरी असलेलं कार्ड घरगुती गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आलं. साधं द्विमिती चित्र त्याला दाखवताच येत नसे. त्यासाठी आधीचं कार्ड तसंच ठेवायचं, दोन्ही मागच्या बाजूने केबलने जोडायची आणि खेळ सुरू झाला की पडदा व्हूडूच्या ताब्यात जायचा. ऑर्किड कंपनीच्या व्हूडू कार्डावर तर ही अदलाबदल करणारे रिले होते आणि खेळ सुरू होताना कॅबिनेटमधून ‘खट’ असा आवाज यायचा. महागड्या यंत्रातलं तंत्र मेमरी स्वस्त होताच घरात उतरलं. पुढची बरीचशी स्वस्त कार्डंही मेमरीच्याच भावावर जगली आणि अनेकदा मेमरीतच कापली गेली.

कापायची पहिली तऱ्हा याच काळात रुजली. 1993मध्ये जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचॉव्स्की आणि कर्टिस प्रीम यांनी एन्व्हिडिया काढली. पहिली चिप बुडाली, पुढच्या चालल्या आणि 1999मध्ये ‘टीएनटी2’ आली. तिचंच एक स्वस्त भावंड होतं ‘टीएनटी2 एम64’. मूळ कार्डात चिप आणि मेमरी यांच्यामधला रस्ता 128 बिटांचा होता, भावंडात 64 बिटांचा. फौज तीच, पण तिला शिधा पुरवणारी वाट निम्मी केलेली. एमबींचा आकडा मात्र घसघशीत, आणि दुकानात विचारला जायचा तो तोच. ही तऱ्हा अजून जिवंत आहे. 2017च्या ‘जीटी 1030’मध्ये जीडीडीआर5 मेमरी होती, सेकंदाला 48 जीबी माहिती वाहणारी. पुढच्याच वर्षी त्याच नावाने साध्या डीडीआर4 मेमरीचं कार्ड आलं. त्याचा वेग सेकंदाला 16.8 जीबी, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. दोघांवरही ‘2 जीबी’ असंच छापलेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसरी तऱ्हा कारखान्यात जन्मते आणि ती बरीच प्रामाणिक आहे. सिलिकॉनच्या एका चकतीवर अनेक चिपा एकदम घडतात. चिप जितकी मोठी, तितकी तिच्यात कुठेतरी दोष राहायची शक्यता जास्त. दोष एका कोपऱ्यात असेल तर सगळी चिप फेकायची कशाला? तेवढा भाग बंद करायचा आणि उरलेली चिप खालच्या नावाने, कमी किमतीत विकायची. पण स्वस्त कार्डाला मागणी फार आली की दोषी चिपा पुरत नाहीत. मग धडधाकट चिपांचेही भाग बंद करून त्या खाली ढकलल्या जातात. टोरांटोजवळच्या एटीआय कंपनीने 2002मध्ये ‘रेडिऑन 9700’ आणलं आणि त्याच चिपचे पिक्सेल काढणारे आठापैकी चार मार्ग बंद करून ‘रेडिऑन 9500’ विकलं. हौशी लोकांना सुगावा लागला की काही 9500 कार्डांवर बंद मार्ग सॉफ्टवेअरने उघडता येतात. ज्याच्या नशिबी धडधाकट चिप होती त्याला बऱ्याच कमी पैशांत जवळजवळ 9700च मिळालं; ज्याची खरोखर सदोष होती त्याला पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसले. पुढे कंपन्या हे भाग असे बंद करू लागल्या की पुन्हा उघडणं अवघड व्हावं. या तऱ्हेत गिऱ्हाइकाचं नुकसान नाही, कारण काय कापलं ते नावावरून कळतं. घोळ होतो तो कापून नाव तेच ठेवलं तर. एन्व्हिडियाच्या 2016च्या ‘जीटीएक्स 1060’ची 3 जीबी आणि 6 जीबी अशी दोन रूपं होती. फरक मेमरीचाच असेल असं कुणालाही वाटावं. पण मोठ्यात 1,280 कोअर (म्हणजे फौजेतले गणिती) होते आणि धाकट्यात 1,152. 2024च्या 6 जीबीवाल्या ‘आरटीएक्स 3050’नेही तेच केलं: कोअर कमी, मेमरीचा रस्ता 128 बिटांवरून 96 वर, नाव मात्र थोरल्याचंच.

तिसरी तऱ्हा सर्वांत वाईट: जुन्या चिपला नवा आकडा. 2002मध्ये एन्व्हिडियाची ‘जीफोर्स 4’ मालिका आली. तिच्यातली ‘टीआय’ कार्डं खरोखर नव्या पिढीची होती. ‘जीफोर्स 4 एमएक्स’ मात्र रक्ताने ‘जीफोर्स 2’च्या घराण्यातलं, नव्या खेळांना लागणारी, रंग-प्रकाशाचं गणित करणारी, प्रोग्रॅम करता येणारी शेडर एककं त्यात नव्हतीच. म्हणजे आधीच्या ‘जीफोर्स 3’ला जे येई ते या ‘4’ला येत नसे. 2014च्या ‘जीटी 730’ने तर एका नावाखाली दोन घराणी नांदवली. एका कार्डात जुनी फर्मी चिप, 96 कोअर. दुसऱ्यात तिच्या पुढच्या पिढीची केप्लर, 384 कोअर. एएमडीने 2006मध्ये एटीआय विकत घेतल्यावर तिकडेही वेगळं घडलं नाही. 2018मध्ये चीनच्या बाजारात ‘आरएक्स 580 2048एसपी’ आलं. खऱ्या 580मध्ये 2,304 कोअर असतात. 2,048 ही ‘आरएक्स 570’ची संख्या. सेकंड हँड बाजारात 580 घेताना शेपटाचे ते चार आकडे म्हणूनच वाचावे लागतात.

मग या कुळात पुण्यवान कुणी झालंच नाही का? झाले, आणि त्यांची जातकुळी एकच आहे: मोठी चिप कापून ती झाली नाहीत, कमी किमतीचं गणित मनात धरूनच त्यांची चिप आखली गेली. 2000 सालचं ‘जीफोर्स 2 एमएक्स’ असं होतं. त्याची चिप वेगळी आखलेली, पिक्सेल काढणारे मार्ग मोठ्या भावापेक्षा निम्मे, पण त्रिमितीचं गणित प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवणारं एकक शाबूत. (त्याचंही 64 बिटी ‘एमएक्स 200’ पुढच्याच वर्षी निघालं, ती गोष्ट वेगळी.) 2008मध्ये एएमडीने सगळ्यांत मोठी चिप बनवायचा हट्टच सोडला आणि ‘एचडी 4850’ 199 डॉलरना आणलं. 649 डॉलरना निघालेलं एन्व्हिडियाचं ‘जीटीएक्स 280’ काही आठवड्यांत 499 वर उतरलं. 2014चं ‘जीटीएक्स 750 टीआय’ 149 डॉलरचं आणि 60 वॉटचं होतं. मदरबोर्डचा स्लॉट स्वतः 75 वॉटपर्यंत वीज देतो, त्यामुळे त्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नसे. ऑफिसातून निघालेला जुना ब्रँडेड पीसी घ्यायचा, त्यात हे कार्ड खोचायचं आणि खेळायला बसायचं: बजेट गेमिंगचा हा आख्खा संप्रदाय या कार्डाने उभा केला. 2016चं ‘1050 टीआय’ आणि 2019चं ‘1650’ याच गादीवरचे वारस.

दरम्यान स्वस्त कार्डांची ही खालची पायरी दोन्ही बाजूंनी झिजत गेली. 1998मध्ये इंटेलने ‘आय740’ हे स्वस्त कार्ड आणलं. कार्ड म्हणून ते पडलं, पण त्याची रचना पुढच्याच वर्षी ‘810’ चिपसेटमध्ये शिरली आणि मदरबोर्डबरोबर फुकट मिळणारं ग्राफिक्स हा रिवाज पडला. 2018च्या एएमडीच्या रायझन 2200जी आणि 2400जी प्रोसेसरांत इतकं बळ होतं की जीटी 1030च्या दर्जाचं वेगळं कार्ड घ्यायचं कारणच उरलं नाही. दुसरीकडून इथेरियम या आभासी चलनाचं, ग्राफिक्स कार्डांवर चालणारं खाणकाम आलं. 2017–18मध्ये आणि पुन्हा 2020पासून जगभर कार्डं ठरलेल्या किमतीच्या कितीतरी वर विकली गेली. मधल्या श्रेणीचं कार्ड खेळणाऱ्याच्या हाती पडेना. या काळाचं खरं अपत्य म्हणजे एएमडीचं जानेवारी 2022चं ‘आरएक्स 6500 एक्सटी’. मेमरी 4 जीबी, म्हणजे इथेरियमच्या खाणकामाला निरुपयोगी, ही त्याची जमेची बाजू. पण चिप मुळात लॅपटॉपसाठी आखलेली: मेमरीचा रस्ता 64 बिटांचा, व्हिडिओ एन्कोडर गायब आणि मदरबोर्डशी जोड (पीसीआय एक्स्प्रेस) अवघ्या चार लेनची. या जोडीच्या चौथ्या पिढीच्या नव्या बोर्डावर ते निभावतं. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याच चार लेनमधून निम्मीच माहिती जाते आणि कार्ड अडखळतं. म्हणजे ज्याच्याकडे जुना बोर्ड, त्याच गरजूला त्याचा फटका मोठा. 15 सप्टेंबर 2022ला इथेरियमने खाणकामच बंद केलं आणि दमलेल्या कार्डांचा पूर सेकंड हँड बाजारात आला.

आज ही खालची पायरी वर सरकली आहे. 2025च्या उन्हाळ्यात एन्व्हिडियाचं ‘आरटीएक्स 5060’ आणि एएमडीच्या ‘आरएक्स 9060 एक्सटी’चं 8 जीबी रूप अमेरिकेत 299 डॉलरपासून सुरू झालं, एएमडीचं 16 जीबी रूप 349 ला. डिसेंबर 2024मध्ये इंटेलने ‘आर्क बी580’ 12 जीबीसह 249 डॉलरना आणलं. आपल्याकडे त्यावर 18 टक्के जीएसटी आणि आयातदार-दुकानदारांची साखळी धरायची. तिघांचेही कापलेले भाग वेगळे आहेत. 5060चं चिपबळ चांगलं, पण 8 जीबी मेमरी नव्या जड खेळांना अपुरी पडू लागली आहे. 9060 एक्सटीच्या दोन्ही रूपांत चिप तीच आहे, फरक खरोखर मेमरीचाच; तेव्हा पाच-सात वर्षं वापरणाऱ्याने वरचे पैसे तिथे घालावेत. बी580ची मेमरी ऐसपैस, पण त्याला रिसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय असलेला बोर्ड आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर हवा. जुन्या पीसीत त्याचा जोर ओसरतो.

दुकानात गेल्यावर म्हणून मालिकेचा आकडा आणि जीबी यांच्यापुढे जावं. चिप कोणत्या घराण्याची आणि तिच्यात किती कोअर चालू? मेमरी कोणत्या जातीची आणि रस्ता किती बिटांचा? मदरबोर्डशी जोड किती लेनची आणि आपला बोर्ड कोणत्या पिढीचा? वीज किती वॉट आणि आपल्या एसएमपीएसला वायर आहे का? दुकानदाराला सांगता आलं नाही तर पैसे मोजण्याआधी कंपनीच्या तपशीलपत्रकात बघावं. तिथे हे बहुतेक असतं. ही चार उत्तरं हातात आली की स्वस्त काय आहे ते कळतं: किंमत की कार्ड.