आजन्म हमीच्या झरण्या आणि घरी घडवलेली अवजारे

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बनलेल्या झरण्या, म्हणजे फाउंटन पेने, आज पुष्कळदा घरी घडवलेल्या अवजारांनी दुरुस्त होतात. कंपन्यांनी या कामासाठी स्वतंत्र अवजारे बनवली होती. मग ही वेळ का आली? उत्तराचा धागा एका जाहिरातीपर्यंत जातो.

लुइस वॉटरमनला १८८४ मध्ये ज्या झरणीचे पेटंट मिळाले, ती ड्रॉपरने भरावी लागे. शाई थेट नळीत. बिघडण्याजोगे तिच्यात फारसे काही नव्हते. निब आणि तिच्याखालची जीभ धुतली की काम भागे. १९०८ मध्ये आयोवातील जवाहिर वॉल्टर शेफरने खटक्याच्या झरणीचे पेटंट घेतले. खटका उचलला की आतली पट्टी रबरी पिशवीला दाबते, सोडला की पिशवी शाई ओढून घेते. बोटे स्वच्छ राहिली. पण रबर काही वर्षांत कडक होऊन तडकते किंवा चिकट होऊन वितळते. सोय आली आणि तिच्याबरोबर ठरावीक काळाने होणारा बिघाडही आला.

या बिघाडावर कंपन्यांनी हमीचा उतारा काढला. शेफरने १९२० मध्ये आजन्म हमी देऊ केली. पुढे पार्करच्या निळ्या हिऱ्याची खूण असलेल्या झरण्यांनाही तशीच हमी मिळाली. अट एवढीच, की संपूर्ण पेन कंपनीकडे पाठवावे आणि टपाल, विमा व हाताळणीचे ३५ सेंट भरावेत. शुल्क घेऊन दिलेल्या हमीला बिनशर्त कसे म्हणायचे, असा आक्षेप पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतलाच. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या ३५ सेंटांपेक्षा ‘कंपनीकडे पाठवावे’ हे शब्द अधिक महत्त्वाचे. त्यांच्यामुळे पेन उघडण्याची विद्या आणि अवजारे कंपनीच्या व तिच्या अधिकृत दुरुस्तीकारांच्या हाती राहिली.

२९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबल्स या दुकानात रेनॉल्ड्सचे बॉलपेन साडेबारा डॉलरला विक्रीस आले आणि त्यावर झुंबड उडाली. त्यानंतरच्या दशकांत झरणीचा व्यवसाय आटला, दुरुस्तीची केंद्रे मिटली, अवजारे विखुरली. झरण्या मात्र कपाटांत शाबूत होत्या.

साध्या खटक्याच्या पेनाला फार थोडे लागते. निबेकडचा भाग पिळून काढताना उघड्या पकडीचे दात त्यावर उमटतात, म्हणून पकडीच्या दोन्ही जबड्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवायचे. निब व जीभ मागून ठोकून काढण्यासाठी कठीण लाकडाचा ठोकळा घ्यायचा आणि त्यात निरनिराळ्या व्यासांची छिद्रे पाडायची. नव्या पिशवीचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. १६ क्रमांकाची पिशवी म्हणजे पाव इंच. निबेच्या दोन पात्यांमध्ये वाळलेली शाई काढायला कागदाहून पातळ पितळी पत्रा पुरतो.

खरी परीक्षा पार्करच्या व्हॅक्युमॅटिकमध्ये होती. १९३३ मध्ये या नावाने आलेल्या पेनात पिशवीच नाही. शाई नळीत राहते आणि मागच्या टोकाचा रबरी पडदा दट्ट्याने खाली-वर होऊन ती ओढतो. ही यंत्रणा एका आटे असलेल्या कड्याने बसवलेली असते. साध्या पकडीने ते कडे धरले, तर आटे चेपतात. जोर वाढवला, तर नळी तडकते. घरगुती उपाय असा: पितळेच्या ठोकळ्यात छिद्र पाडून कड्याशी जुळणारे आटे काढायचे, मग करवतीने एका बाजूला चीर द्यायची. कडे आत फिरवून ठोकळा आवळला, की ते सर्व बाजूंनी सारखे धरले जाते. जाड आणि बारीक पेनांची कडी वेगळी, म्हणून छिद्रेही दोन. पडद्याच्या टोकाची रबरी गोळी दट्ट्यावरच्या वाटीत अडकते. ती दाबून बसवायला बोथट सळई लागते. कंपनीने आत जे दडवले, त्याचा साचाच अशा अवजारात उलटा उमटलेला दिसतो.

उष्णतेच्या बाबतीत तर जुन्या दुकानांचे अनुकरण न केलेलेच बरे. तिथे स्पिरिटच्या दिव्यावर पेन शेकत. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. ज्योत लागली की ते भडकते. एबोनाइट तसे भडकत नसले, तरी उन्हाने फिकटलेले एबोनाइट गरम पाण्यात तपकिरी पडते. म्हणून आता केस वाळवण्याच्या यंत्राची कोरडी ऊब वापरतात. पिशवी चिकटवणारी लाख तेवढ्या उबेनेही मऊ होते आणि सांधा न मोडता सुटतो. ही लाख त्या काळी जगाला मुख्यतः भारतातून जाई. छोटा नागपूरच्या जंगलांतल्या किड्यांचा स्राव अमेरिकी पेनांचे सांधे धरून होता. आजचे झटपट गोंद तिथे वापरणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करणे होय.

१९४८ मध्ये पार्करने आपल्या ५१ या पेनातून व्हॅक्युमॅटिकची यंत्रणा काढून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी बसवली. त्यांतल्या अनेक पिशव्या आजही शाई ओढतात. पितळी ठोकळा लागतो तो त्याआधीच्या पेनांसाठी.