घरच्या घरी हृदयाचे ठोके रेकॉर्ड करायचे असतील तर...

आजोबांचा आवाज, त्यांचं गाणं, त्यांचा खाकरासुद्धा मोबाईलमध्ये साठवून ठेवणारी घरं आता पुष्कळ आहेत. त्यांच्या छातीची धडधड जपून ठेवावी असंही काहींना वाटतं. मोबाईल छातीला लावून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं जातं आणि नंतर ऐकलं तर नुसती खरखर! बहुतेक वेळा दोष मोबाईलचा नसतो, पद्धतीचा असतो.

मुळात हा आवाज येतो कुठून? हृदयातल्या झडपा बंद होताना. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटल्या की पहिला ठोका, म्हणजे 'लब'. रक्त बाहेर ढकलून झाल्यावर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडावरच्या दोन झडपा मिटतात तो दुसरा, 'डब'. लब जरा लांबट आणि जड, डब तोकडा आणि कडक. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका फेऱ्याला ०.८ सेकंद लागतो. त्यात लब ते डब हे अंतर साधारण ०.३ सेकंद आणि डब ते पुढचा लब ०.५ सेकंद. म्हणून ऐकताना 'लब-डब... लब-डब' अशी जोडी जाणवते.

अडचण अशी की हे आवाज फार खालच्या पट्टीतले आहेत. त्यांचा बराचसा जोर २० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान असतो. मोबाईलचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला. त्यातलं सॉफ्टवेअर असल्या घुमणाऱ्या आवाजाला गोंगाट समजतं आणि दाबून टाकतं. दुसरी गंमत ऐकताना होते. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून इतका जड आवाज बाहेरच पडत नाही. रेकॉर्डिंग चांगलं झालेलं असतं, पण काहीच आलं नाही म्हणून लोक ते पुसून टाकतात! त्यामुळे आधी चांगला हेडफोन लावून ऐकावं, मग काय ते ठरवावं.

नुसत्या मोबाईलवर करायचं असेल तर कव्हर काढा, फ्लाइट मोड लावा आणि खालच्या बाजूचं माइकचं भोक डाव्या छातीवर उघड्या त्वचेला टेकवा. मधे बनियनसुद्धा नको, कापड घासल्याचा आवाज ठोक्यापेक्षा मोठा येतो. जमलं तर बरं, नाहीतर स्टेथोस्कोप आणावा.

स्टेथोस्कोपचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक या डॉक्टरांना एका तरुणीचं हृदय तपासायचं होतं. छातीला कान लावणं संकोचाचं, शिवाय ती अंगाने स्थूल. त्यांनी कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं कानाला लावलं, तर ठोके कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडी नळी केली.

सर्जिकल दुकानात साधा स्टेथोस्कोप काही शेकड्यांत मिळतो. त्याची नळी जिथे दोन कानांसाठी फुटते त्याच्या खाली कापायची, छातीवरच्या चकतीला दहा-पंधरा सेंटिमीटर नळी राहू द्यायची. कापलेल्या टोकात शर्टाला लावतात तो वायरचा कॉलर माइक बसवायचा. नळी बारीक पडली तर टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावं, माइक आत सरकवावा आणि वरून इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळावी. सायकलच्या ट्यूबचा तुकडाही चालतो. फट राहता कामा नये, कारण जड आवाज आधी फटीतूनच निसटतो. वायरलेस माइक असेल तर त्यातलं गोंगाट कमी करणारं बटण बंद करावं.

चकतीला दोन बाजू असतील तर पडद्याची बाजू उंच आवाजासाठी आणि वाटीसारखी बाजू जड आवाजासाठी. वाटी हलकेच टेकवायची. जोरात दाबली की खालची त्वचा ताणून पडद्यासारखी होते आणि जड आवाज गळतात. एका वेळी एकच बाजू चालू असते. बोटाने टिचकी मारून ती कोणती ते आधी बघून घ्यावं.

जागा कोणती? डाव्या स्तनाग्राच्या थोडं खाली, पाचव्या-सहाव्या बरगडीच्या मधे बोटांना ठोका लागतो, तिथे लब ठळक येतो. डाव्या कुशीवर वळल्यावर हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं आणि आवाज वाढतो. डब ऐकायचा तर छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या भागाशेजारी. हळू श्वास सोडून दहा सेकंद थांबता आलं तर उत्तम. म्हाताऱ्या माणसांना किंवा दमेकऱ्यांना मात्र श्वास रोखायला लावू नये.

पंखा आणि फ्रिज बंद हवाच. लॅपटॉपवर करत असाल तर चार्जर काढा, कारण आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणजे नेमकी ठोक्यांच्याच पट्टीत. लाइट गेल्यावर एरवी शिव्याच निघतात, पण या कामाला तीच वेळ सगळ्यात चांगली.

नंतर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २० हर्ट्झच्या खालचं आणि २०० हर्ट्झच्या वरचं कापलं की ठोके उघडे पडतात. मूळ फाईल मात्र वेगळी ठेवावी. इंदूर-बडोद्याच्या नातेवाइकांना पाठवायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हॉइस मेसेज बोलण्याच्या हिशोबाने दाबून लहान केला जातो, त्यात ठोक्यांची रया जाते.

धातूची झडप बसवलेल्या माणसाचा ठोका वेगळाच, घड्याळासारखा टिक-टिक येतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली चित्रा झडप १९९० पासून आपल्याकडे बसवली जाते. रात्रीच्या शांततेत अशी टिकटिक शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येऊ शकते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण रोजची टिकटिक एकाएकी मंद किंवा बोथट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता महत्त्वाचं. हे रेकॉर्डिंग म्हणजे तपासणी नव्हे. ईसीजी हृदयातली वीज मोजतो, ठोका हा झडपांचा आवाज आहे. हार्ट अटॅक चालू असतानाही लब-डब अगदी नीट ऐकू येऊ शकतं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं काही असेल तर माइक शोधत बसू नये, १०८ ला फोन करावा. महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगणा, सगळीकडे नंबर तोच.

पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचंही तसंच. ते मिनिटाला ११० ते १६० असतात आणि घरच्या माइकवर सहसा मिळत नाहीत. ऑनलाइन मिळणाऱ्या डॉपलर यंत्रात आईचीच नाडी किंवा वारेतला रक्तप्रवाह ऐकून 'बाळ ठीक आहे' असा समज होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्येच अशा घरगुती वापराविरुद्ध इशारा दिला होता. बाळाची हालचाल कमी वाटली तर यंत्रात ठोका ऐकू आला तरी दवाखान्यात जायचं, तेही उद्यावर न ढकलता.

फाईलच्या नावात माणसाचं नाव आणि तारीख टाकावी, आणि सुरुवातीला त्या माणसाकडूनच दोन शब्द बोलून घ्यावेत. दहा वर्षांनी नुसती धडधड कोणाची हे ओळखता येत नाही.