यरुशलेमचा वेढा (इ.स.पू. ७०१): चमत्कार, इतिहास आणि श्रद्धा

बायबलमधील चमत्कार वाचताना 'हे खरेच घडले का?' असा प्रश्न आपल्या मनात लगेच येतो. इतिहासाच्या अभ्यासात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: या कथेमुळे त्या समाजाच्या श्रद्धेचे काय झाले? एक उदाहरण पाहू.

१. घटना
यहूदाचा राजा हिज्कीया याने अश्शूरविरुद्ध बंड केले. इ.स.पू. ७०१ मध्ये सम्राट सन्हेरीब चालून आला. बायबलमधील वर्णनानुसार हिज्कीयाने मंदिरात प्रार्थना केली, यशया संदेष्ट्याने त्याला धीर दिला आणि एका रात्रीत देवदूताने अश्शूरी छावणीतील १,८५,००० माणसे मारली. सन्हेरीब निनवेला परतला.

२. साधने
सन्हेरीबच्या कोरीव लेखात ४६ तटबंदीची नगरे जिंकल्याचा आणि हिज्कीयाला राजधानीत कोंडल्याचा उल्लेख आहे. खंडणीतील सोन्याचा आकडा, ३० किक्कार, दोन्ही साधनांत एकच आहे. चांदीचा मात्र वेगळा आहे: लेखात ८००, बायबलमध्ये ३००. लाखीश नगराच्या पाडावाची शिल्पे निनवेच्या राजवाड्यात होती; आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यरुशलेममध्ये खडकातून खोदलेला सुमारे ५३३ मीटरचा पाण्याचा बोगदा सामान्यतः हिज्कीयाच्या काळातील मानला जातो. दोन तुकड्या दोन्ही टोकांकडून खोदत येऊन मध्ये भेटल्या, असे तेथील शिलालेख सांगतो. म्हणजे प्रार्थना आणि पूर्वतयारी या दोन्ही गोष्टी यहूदाच्या स्मृतीत शेजारी-शेजारी आहेत.

लक्षात घ्या, यरुशलेम जिंकल्याचा दावा सन्हेरीबही करत नाही. शहर वाचले, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत. ते का वाचले, यावर मतभेद आहेत. रोगराई, खंडणी, इजिप्तची फौज अशी कारणे इतिहासकार मांडतात. देवाचा हस्तक्षेप पुराव्याने सिद्ध करता येत नाही, तसाच खोडताही येत नाही.

३. श्रद्धेवरील परिणाम
बलाढ्य साम्राज्यापुढे एक लहान नगर टिकले. यहूदी लोकांनी यातून अर्थ काढला की परमेश्वराची सत्ता सम्राटांवरही चालते. पण पुढे याच विश्वासाला दुसरे वळण लागले: मंदिर आहे तोवर शहराला धोका नाही, अशी समजूत रुजली. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मया संदेष्ट्याने, अन्याय सोडला नाही तर मंदिरही वाचणार नाही, असे बजावले. तेव्हा त्याच्या जिवावर बेतले. इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने शहर आणि मंदिर जाळले.

या वेळी चमत्कार झाला नाही. तरी श्रद्धा संपली नाही. बंदिवासात गेलेल्यांनी जुन्या कथा जपल्या आणि देवाची सत्ता एका शहराच्या तटबंदीत मावत नाही, असा त्यांचा नवा अर्थ लावला. चमत्काराच्या कथेने श्रद्धेला बळ दिले. त्या श्रद्धेला प्रौढ केले ते मात्र चमत्कार न घडलेल्या दिवसाने.

विचार करा
१. पराभूत आणि विजेता एकच घटना वेगळी का नोंदवतात?
२. श्रद्धा आणि गाफीलपणा यांतील सीमारेषा यिर्मयाने कोठे आखली?