गडकऱ्यांचे बंड आणि कोल्हापूरचा हंगामी कारभार

राजा लहान असेल तर त्याच्या नावाने दुसऱ्याने राज्य चालवायचे, ही रीत कोल्हापूरच्या गादीला तिच्या स्थापनेपासून परिचयाची होती. १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. त्याच्या निधनानंतर जिजाबाईंनी १७६२ मध्ये दत्तक घेतलेल्या शिवाजीच्या नावाने १७७३ पर्यंत राज्य सांभाळले. या साऱ्या घडामोडींत वाद झाले, तरी तो घरचा मामला होता. १८३८ नंतरचा हंगामी कारभार मात्र वेगळ्या वळणाने गेला.

शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज १८३८ मध्ये वारले, तेव्हा त्यांचा मुलगा शिवाजी ऊर्फ बाबासाहेब जेमतेम आठ वर्षांचा होता. राजमाता, राजघराण्यातील ज्येष्ठ बाई दिवाणसाहेब आणि काही कारभारी यांचे मंडळ नेमण्यात आले. त्यांचे आपसांत पटले नाही आणि सूत्रे दिवाणसाहेबांकडे गेली. कारभाराविषयी तक्रारी वाढल्या, तसा कंपनी सरकारने हस्तक्षेप केला. बुवासाहेबांवर लादलेल्या तहांनी संस्थानच्या कारभारात हात घालण्याची वाट इंग्रजांना आधीच मोकळी झाली होती. त्यांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. राजा तोच राहिला, पण हुकूम आता इंग्रजांच्या विश्वासातल्या माणसाचा सुटू लागला.

पंडितांनी वसुलाची घडी बसवायला घेतली आणि पहिला खटका गडांवर उडाला. गडकरी हे पगारी शिपाई नव्हते. गडाची राखण पिढीजात त्यांच्याकडे असे आणि त्या चाकरीबद्दल गडाच्या आसपासच्या जमिनी ते वहिवाटत. त्यांच्यावर हुकूम चाले तो गडावरच्याच वंशपरंपरागत अंमलदारांचा. नव्या व्यवस्थेत या जमिनींचा कारभार मामलेदाराकडे जाणार होता. आज जमिनीचा हिशेब मामलेदाराकडे गेला, तर उद्या जमीनही जाईल, अशी भीती गडकऱ्यांना वाटली.

जुलै १८४४ मध्ये गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर आणि गारगोटीजवळच्या भुदरगडावर गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले. बेळगावहून फौज आली, पण गड लवकर हाती लागेना. तोवर आग राजधानीत पोचली. बाबाजी अहिरेकर यांच्या पुढाकाराने पंडितांना कैद करण्यात आले आणि कोल्हापुरात बंडवाल्यांचा अंमल सुरू झाला. आता एका अल्पवयीन राजाच्या नावाने दोन सत्ता उभ्या होत्या. एकीला कंपनीच्या तोफांचा आधार होता, तर दुसरीला गडांचा.

जनरल डेलामोट याच्या फौजेने १३ ऑक्टोबरला सामानगड घेतला. जेम्स औट्रम राजकीय अधिकारी म्हणून आला आणि पंडितांची सुटका झाली. बंडवाल्यांनी सातारचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स याला पकडून पन्हाळ्यावर ठेवले होते. शेवटी १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी तट फोडून पन्हाळा घेण्यात आला. लढाईत अहिरेकर पडले. उरलेल्यांपैकी काही सावंतवाडीच्या मुलखात निसटले आणि बंडाचा वणवा तिकडच्या मनोहर-मनसंतोष गडांपर्यंत गेला.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी त्याचे मूळच उपटले. वंशपरंपरागत शिबंद्या बरखास्त झाल्या, गडांचे तट-दरवाजे पाडले गेले, मोहिमेचा खर्च संस्थानावर बसला आणि कारभार इंग्रज पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या देखरेखीखाली गेला. राजा सज्ञान झाला, तरी अधिकार परत मिळाले नाहीत. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७व्या देशी पलटणीने उठाव केला. राजाचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर संशय आला आणि त्यांना कराचीला नेण्यात आले. १८६९ मध्ये ते तिथेच वारले.

१८६२ च्या करारानुसार बाबासाहेबांकडे कारभार सोपवण्यात आला, तोही महत्त्वाच्या बाबतीत इंग्रजांचा सल्ला मानण्याच्या अटीवर. १८६६ मध्ये त्यांचे निधन झाले. आठ वर्षांच्या मुलाच्या नावाने सुरू झालेली तात्पुरती व्यवस्था तो बत्तिशीला टेकेपर्यंत टिकली. पन्हाळ्याचा तीन दरवाजा आज शाबूत आहे. १८४४ मध्ये पाडलेल्या चार दरवाजाचे मात्र अवशेषच उरले आहेत.