सत्तर टक्क्यांचा हिशेब

स्ट्रोकनंतर माणसाची वाचा गेली की घरच्यांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: जे यायचं ते तीन ते सहा महिन्यांत येतं, पुढे फार आशा धरू नका. सांगणारे अनुभवी असतात आणि त्यांच्या पाठीशी आकडेही असतात. ते आकडे आधी नीट मांडतो. पूर्वपक्ष लंगडा करून त्याला पाडण्यात कसली मौज?

२०१० मध्ये लाझार आणि सहकाऱ्यांनी वाचाघाताच्या रुग्णांचे गुण सुरुवातीला आणि नव्वद दिवसांनी तपासले. जितकी भाषा हरवली होती तिच्यातली सुमारे सत्तर टक्के परत आलेली दिसली. हाताच्या हालचालींबाबत असाच नियम २००८ मध्ये मांडला गेला होता. मेंदू आपला वाटा आपल्या वेळात परत देतो, उपचारांनी त्यात फारसा फरक पडत नाही, असा अर्थ मग त्यातून काढला जाऊ लागला.

गोम वजाबाकीत आहे. ‘परत आलेली भाषा’ म्हणजे नंतरच्या गुणांतून सुरुवातीचे गुण वजा. ‘हरवलेली भाषा’ म्हणजे कमाल गुणांतून सुरुवातीचेच गुण वजा. एकच संख्या दोन्हीकडे बसलेली आहे. समजा, रुग्णांना दोन्ही वेळचे गुण चिठ्ठ्या टाकून वाटले आणि दोन्ही वेळचा विखुरलेपणा सारखा ठेवला, तरी या दोन राशींचा सहसंबंध ०.७ च्या आसपास निघतो. (हे ०.७ आणि नियमातले सत्तर टक्के एक नव्हेत. आकडे जुळतात एवढंच.) त्यातही चाचणीच्या गुणांना वरची मर्यादा असल्याने नंतरचे गुण वरच्या टोकाला दाटीवाटीने गोळा होतात, विखुरलेपणा घटतो आणि सहसंबंध एकाच्या दिशेने सरकतो. होप आणि सहकाऱ्यांनी, तसंच हॉ, स्कॉट व डुकेलो यांनी २०१९ मध्ये हा दोष उघड केला. सुरुवातीच्या तीव्रतेवरून पुढचा अंदाज बांधता येतोच, ते मी नाकारत नाही. पण जो नियम चिठ्ठ्यांनाही लागू पडतो, तो मेंदूबद्दल काय सांगणार?

आता असे गुण येतात कुठून ते पाहू. कर्टेझ यांची वेस्टर्न अफेजिया बॅटरी जगभर वापरली जाते. तिच्या मुख्य गुणांकात उत्स्फूर्त बोलण्याला २०, आकलनाला १०, ऐकलेलं पुन्हा म्हणण्याला १० आणि वस्तूंची नावं सांगण्याला १०. बेरीज दुप्पट केली की शंभर. म्हणजे समजण्याच्या वाट्याला अवघा पाचवा हिस्सा. वाचन-लेखन या गुणांकात धरलेलंच नाही. एखाद्या आजी वर्षभराने पुन्हा वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागल्या, तर गुणांकाला त्याची वार्ताही नसते. उलट ९३.८ च्या वर गेलेला माणूस या चाचणीपुरता बरा ठरतो. मग चारचौघांच्या गप्पांत तो शब्द शोधत मागे पडला तरी.

सहा महिन्यांच्या भिंतीचं काय? ब्राइटेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत केलेला प्रयोग २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात सहा महिने किंवा त्याहून जुना वाचाघात असलेले दीडशेहून अधिक रुग्ण होते. निम्म्यांना लगेच तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास वाचोपचार दिले; उरलेल्यांना थांबायला सांगितलं. मोजमाप होतं रोजच्या प्रसंगांचं: ड्रायक्लीनरने शर्ट जाळून परत दिला तर काय म्हणाल, अशा धर्तीचं. उपचार घेतलेले सुधारले, थांबलेले होते तिथेच राहिले. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण ज्या काळात काहीच होत नाही म्हणतात त्याच काळात तो झाला. सहा महिन्यांनंतर आलेख सपाट दिसतो, त्याचं एक कारण असंही असू शकतं की नेमके तेव्हाच उपचार थांबलेले असतात.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक टोला बसतो आणि तो चुकवणं बरं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘बिग कॅक्टस’ चाचणीत रुग्णांनी स्वतः निवडलेल्या शब्दांचा संगणकावर घरी सराव केला. ते शब्द त्यांना स्पष्टपणे अधिक सापडू लागले. प्रत्यक्ष संभाषण मात्र सुधारलं नाही. शब्द मोजून ‘वाचा आली’ म्हणणं हेही सत्तर टक्क्यांइतकंच घाईचं.

म्हणून माझं म्हणणं असं: भाषेचे गुण आणि संवाद यांचे हिशेब वेगळे ठेवा, आणि संवादाचा हिशेब सहा महिन्यांनंतरही चालू राहू द्या. ही अडचण तज्ज्ञांनाही जाणवली आहे. वाचाघाताच्या संशोधनात कुठली मापं वापरावीत यावर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय सहमती जाहीर झाली, तेव्हा भाषेसाठी कर्टेझ यांची चाचणी ठरली, पण संवादासाठी एकही माप एकमताने निवडता आलं नाही. पुढच्या फेरीत मूळ डच असलेली ‘सिनॅरिओ टेस्ट’ निवडली गेली. तिच्यात समोर एक जोडीदार असतो, आणि खुणा, बोट दाखवणं, चित्र काढणं यांनाही गुण मिळतात. मराठी रुग्णासाठी असं काही बसवायचं तर प्रसंग इथलेच लागतील: रिक्षावाल्याला वळण सांगणं, केमिस्टकडून दोनच गोळ्या मागणं, फोनवर मुलीला ‘आज येऊ नकोस’ असं कळवणं.