शिंपल्यांच्या भिंती

आपल्या कोकणात पूर्वी शिंपल्या भाजून चुना करीत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल शहराजवळ फोर्ट जॉर्ज नावाचे बेट आहे. तिथे शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेल्या पडक्या भिंती पाहिल्या आणि मला आपला किनारा आठवला. चौकशी केली, तेव्हा कळले की त्या गुलामांच्या घरांच्या भिंती होत्या.

खाड्या, दलदल आणि झाडी मिळून सुमारे ४६ हजार एकरांचा हा परिसर १९८८ मध्ये संरक्षित क्षेत्र झाला. त्याला नाव मिळाले ते टिमुकुआ या मूळ रहिवाशांचे. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या इथे कालवे खाऊन जगल्या. टाकलेल्या शिंपल्यांचे मोठे ढीग साचले. १५६४ मध्ये फ्रेंच आले. टिमुकुआंनी त्यांना किल्ला बांधायला मदत केली. पुढच्याच वर्षी स्पॅनिशांनी तो जिंकला. कालांतराने रोगराई आणि लढायांत टिमुकुआ नामशेष झाले. शिंपल्यांचे ढीग मात्र राहिले.

१८१४ मध्ये झेफनाया किंग्जली हा मळेवाला बेटावर राहायला आला. त्याची पत्नी ॲना मूळची सेनेगलची. १८०६ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, त्याने तिला हवानात विकत घेतले होते. १८११ मध्ये तिला मुक्त केले. पुढे तिने स्वतःची जमीन मिळवली आणि स्वतःही गुलाम बाळगले! इथे मन अडखळते. तिला नुसती बिचारी म्हणता येत नाही, नुसता दोषही देता येत नाही.

१८२१ मध्ये फ्लोरिडा अमेरिकेकडे गेल्यावर मुक्त कृष्णवर्णीयांवरही जाचक कायदे आले. कुटुंब हैतीला गेले. १८४३ मध्ये किंग्जली वारल्यावर त्याच्या बहिणीने मृत्युपत्राला आव्हान दिले. ॲना परत आली, कोर्टात लढली आणि जिंकली.

गुलामांची घरे होती बत्तीस, अर्धवर्तुळात मांडलेली. ती गुलामांनीच बांधली. त्यासाठी टिमुकुआंच्या ढिगांतल्या शिंपल्या भाजून चुना केला, त्यात वाळू, पाणी आणि आणखी शिंपल्या कालवल्या. एकाच भिंतीत दोन समाजांच्या खुणा आहेत. मालकाचे घरही तिथे जपलेले आहे. पण मी जास्त वेळ थांबलो तो या भिंतींपाशी.

किल्ला पाहायला गेलो की आपण तो कोणी जिंकला हे विचारतो. त्याचा चुना कोणी भाजला, हे विचारायची सवय मला त्या बेटावर लागली.